भायखळ्याची विद्या नैरोबीत वाढली, आता ती धारावीला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारत आणि आफ्रिका यांच्या संबंधांविषयी मराठी वृत्तपत्रांतून जे छापून येते, त्यात शिखर परिषदा, खनिजे, औषधांची निर्यात आणि चीनशी चाललेली चढाओढ यांपलीकडचे फारसे काही नसते. १९५५ मध्ये बांडुंगला आशिया-आफ्रिकेतील २९ देश एकत्र आले, २००८ पासून भारत-आफ्रिका मंचाच्या शिखर परिषदा भरू लागल्या, २०२३ मध्ये दिल्लीत आफ्रिकी संघाला जी-२० चे सदस्यत्व मिळाले. या घटनांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. मात्र त्यांत शिष्टमंडळे फार आणि माणसे थोडी. साधा आफ्रिकी माणूस आपल्या पानांवर भेटतो तो बहुधा गुन्हेवृत्तात, आणि तिथेही त्याचा देश कोणता याची नीट चौकशी न करता त्याला सरसकट ‘नायजेरियन’ ठरवून मोकळे होण्याची आपली जुनी खोड आहे. या दोहोंच्या मधे एक मोठा व्यवहार गेली तीसहून अधिक वर्षे चालू आहे. तो मुंबईच्या फुटपाथवर आणि रेल्वे रुळांच्या कडेला सुरू झाला, आणि केपटाऊन, डर्बन, नैरोबी, कंपाला येथील पत्र्याच्या वस्त्यांत वाढला. धारावीच्या पुनर्विकासात घराला कोण पात्र आणि कोण अपात्र याचा सध्या जो घोळ चालला आहे, त्याच्याशी या व्यवहाराचा थेट संबंध आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. वस्तीने आपली माणसे आपणच मोजण्याची आणि रोज बचत करण्याची जी विद्या मुंबईच्या गरीब बायकांनी आफ्रिकेला शिकवली, ती मुंबईने आता नैरोबीला जाऊन परत शिकून यावी, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम या विद्येचा उगम. जानेवारी १९७६ मध्ये राज्य सरकारने मुंबईतील झोपड्यांची पहिली मोठी गणना केली आणि झोपडीधारकांना फोटोपास दिले. त्या गणनेतून फुटपाथवर राहणारे वगळले गेले, कारण सरकारच्या लेखी फुटपाथ ही वस्ती नव्हतीच. त्याच वर्षी चेंबूरजवळची जनता कॉलनी अणुसंशोधन केंद्रासाठी हलवण्यात आली आणि तिथल्या हजारो कुटुंबांना चीता कॅम्पात नेऊन टाकले. त्या लढ्यातून जोकिन अर्पुथम हे नाव पुढे आले. १९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथवासीयांना उचलून त्यांच्या गावी पाठवण्याचा हुकूम काढला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका’ या खटल्याचा निकाल जुलै १९८५ मध्ये लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि त्याच निकालात, रीतसर नोटीस देऊन पावसाळ्यानंतर झोपड्या हटवण्यास पालिकेला मोकळीकही दिली. कायद्याच्या पुस्तकांत या निकालाचे पहिले वाक्य आवडीने उद्धृत केले जाते. फुटपाथवरच्या बाईला मात्र दुसऱ्याचीच चिंता होती.

त्याच सुमारास भायखळ्याच्या एका पालिका दवाखान्याच्या आवारात ‘स्पार्क’ ही नवी संस्था काम करू लागली होती. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८४ मध्ये स्थापन केली. न्यायालयाचा निकाल येऊ घातला असताना या मंडळींनी आणि आसपासच्या फुटपाथवरील बायकांनी मिळून मुख्यतः भायखळा परिसरातील सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची गणना केली. हे लोक कोण, कुठून आले, किती वर्षे झाली, काय काम करतात, कामावर कसे जातात, याचा हिशेब प्रथमच कागदावर आला. बहुतेक जण कामाच्या ठिकाणी पायी जाणारे होते आणि म्हणूनच फुटपाथ सोडायला तयार नव्हते, एवढी साधी गोष्टसुद्धा तोपर्यंत कोणाच्या फाइलीत नव्हती. या बायकांची पुढे ‘महिला मिलन’ ही संघटना झाली आणि अर्पुथम यांच्या राष्ट्रीय झोपडीवासी महासंघाशी तिची सोयरीक जुळली.

‘महिला मिलन’ची बचतीची रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण पुढे आफ्रिकेत गेली ती हीच. बँकेत खाते उघडायला पत्ता लागतो आणि फुटपाथला पत्ता नसतो. तेव्हा वस्तीतलीच एक बाई रोज दारोदार फिरून पैसे गोळा करी. कोणी एक रुपया देई, कोणी पाच, कोणी ‘आज नाही’ म्हणे. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नसल्यामुळे प्रत्येकीच्या नावाची प्लास्टिकची पिशवी असे आणि तिच्यात नाण्या-नोटांच्या किमतीनुसार वेगवेगळ्या रंगांचे कागदाचे तुकडे टाकले जात. पिशवी पालथी केली की हिशेब समोर. रकमा मोठ्या नव्हत्याच. त्या रोजच्या फेरीमुळे कोणाच्या घरात आजारपण आहे, कोणाचा नवरा काम सोडून बसला आहे, कोणाला सावकाराने गाठले आहे, हे सगळे त्या बाईला कळे, आणि पोलीस किंवा पालिकेची गाडी आली की कोणाला हाक मारायची हेही ठरलेले असे. घराचा आराखडासुद्धा बायकांनीच केला. खोलीची लांबी-रुंदी साडीच्या लांबीने मोजून त्यांनी ठरवले की जागा लहान असली तरी चालेल, पण छत चौदा फूट उंच हवे, म्हणजे पोटमाळा काढता येईल. त्या आराखड्याचे कापडाचे आणि लाकडाचे पूर्ण आकाराचे घर उभारून ते वस्तीला आणि अधिकाऱ्यांना दाखवण्याची प्रथा तिथूनच पडली.

दक्षिण आफ्रिकेशी गाठ पडली ती १९९१ मध्ये. नेल्सन मंडेला आदल्या वर्षी तुरुंगातून सुटले होते, वर्णद्वेषी राजवट मोडकळीला आली होती आणि वस्त्या-वस्त्यांत अशी समजूत होती की एकदा आपले सरकार आले की घरे मिळणारच. अशा वेळी ब्रूडरस्ट्रूम येथे झोपडपट्ट्यांतील प्रतिनिधींची एक परिषद भरली आणि तिला अर्पुथम यांना बोलावण्यात आले. स्वातंत्र्य मिळून चाळीसहून अधिक वर्षे झालेल्या देशातून आलेल्या या माणसाने तिथे जे सांगितले त्याचा आशय असा होता की, आपले सरकार आले म्हणजे आपली घरे आली असे होत नाही. तोवर आपली माणसे मोजा, पैसे साठवा आणि जमीन कोणाची आहे ते शोधून ठेवा. उत्साहाच्या भरात असलेल्या श्रोत्यांना हे रुचले नसणार. तरीही त्यानंतर तिथल्या वस्त्यांतून माणसे मुंबईला येऊ लागली, इथल्या बायका तिकडे जाऊ लागल्या, आणि १९९४ मध्ये, पहिल्या लोकशाही निवडणुकीच्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेतील बेघरांचा महासंघ उभा राहिला. त्याचा पायाही बायकांचे रोजच्या बचतीचे गट हाच होता. नव्या सरकारचे गृहनिर्माणमंत्री जो स्लोव्हो यांनी या महासंघाच्या ‘उत्शानी’ निधीला सरकारी पैसे देण्याचे मान्य केले. केपटाऊनच्या फिलिपी भागात बायकांनी स्वतः बांधलेली ‘व्हिक्टोरिया म्झेंगे’ वसाहत, १९८५ मध्ये हत्या झालेल्या वर्णद्वेषविरोधी वकील महिलेच्या नावाने, आजही उभी आहे. ठेकेदार जेवढ्या सरकारी अनुदानात काड्यापेटीएवढी घरे बांधत होते, तेवढ्यातच आणि आपल्या बचतीची भर घालून या बायकांनी त्याहून मोठी घरे बांधली.

१९९६ मध्ये भारत, दक्षिण आफ्रिका आणि इतर देशांतील अशा महासंघांचे मिळून ‘स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल’ हे जाळे तयार झाले. नाव इंग्रजी असले तरी काम झोपडीतल्या भाषांतून चाले. झुलू, खोसा, स्वाहिली बोलणाऱ्या बायका आणि हिंदी, तमिळ, मराठी बोलणाऱ्या बायका एका खोलीत बसत. मधे दुभाषा असे, नसला तर वही, बोटे आणि गाणी. अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठी, आणि त्या मानपत्रात भारतातील वस्त्यांचे धडे आग्नेय आशिया व आफ्रिकेत नेल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडे मात्र ‘झोपडपट्टीवाल्याला मॅगसेसे’ यापलीकडे फारशी चर्चा झाल्याचे आठवत नाही.

या भेटीगाठींची एक खुबी होती, आणि ती आपल्या सरकारी अभ्यासदौऱ्यांत कधीच दिसत नाही. भेटीला येताना या बायका आपल्याबरोबर आपल्या शहराचा महापौर, गृहखात्याचा अधिकारी, रेल्वेचा इंजिनीयर असा कोणीतरी आणत. ज्याच्या कचेरीबाहेर एरवी तासन् तास ताटकळावे लागते, तो माणूस आठवडाभर एकाच गाडीत शेजारी बसतो, एकाच पंगतीला जेवतो आणि परक्या शहरात दोघेही सारखेच बावचळलेले असतात. मायदेशी परतल्यावर त्याला ‘साहेब, आपण मानखुर्दला पाहिले ते आठवते का’ असे विचारता येते.

मी स्वतः नोकरीच्या काळात वस्त्यांच्या सरकारी गणनेच्या कामावर होतो, त्यामुळे या पद्धतीचे मोल मला कागदावरून नव्हे, कामावरून कळले आहे. सरकारी गणना सकाळी दहा-अकराला सुरू होते, म्हणजे वस्तीतले निम्मे लोक कामावर गेल्यानंतर. दाराला कुलूप दिसले की रकान्यात ‘कुलूपबंद’ असा शेरा मारून पुढे सरकायचे, असा रिवाज. त्या शेऱ्याचा अर्थ पुढे कोणी ‘रिकामे’ असा लावतो, कोणी ‘अपात्र’ असा. लोखंडी शिडी चढून पोटमाळ्यावर जाण्याचा त्रास फार थोडे जण घेतात; खालचा घरमालक जे सांगेल ते लिहून घेतले जाते आणि तो भाडेकरूचे नाव सांगतोच असे नाही. आमच्यातली माणसे वाईट नव्हती. दिवसाला अमुक इतके अर्ज भरलेच पाहिजेत असे वरून ठरलेले असले की असेच होते.

महासंघाची गणना याच्या उलट चालते. अगोदर वस्तीतली दोन-चार माणसे बरोबर घेऊन पायी फिरायचे, दारांवर खडूने क्रमांक घालायचे, हाताने नकाशा काढायचा. प्रश्न विचारायला वस्तीतल्याच बाया जातात, म्हणजे वरच्या मजल्यावर कोण राहते हे त्यांच्यापासून लपत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे तयार झालेली यादी वस्तीतच भिंतीवर लावतात, मोठ्याने वाचून दाखवतात, आणि ज्याचे नाव राहिले किंवा ज्याने खोटे नाव घुसवले त्याच्याबद्दल तिथल्या तिथे भांडण होऊ देतात. हे भांडण म्हणजेच यादीची तपासणी. साहेबाच्या सहीने यादीला जो भक्कमपणा येतो त्याहून या भांडणाने येणारा भक्कमपणा जास्त टिकतो, असा माझा अनुभव आहे.

शौचालयांच्या बाबतीतही असेच झाले. पुण्यात १९९९ नंतर पालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात वस्त्यांच्या सहभागाने चारशेहून अधिक सार्वजनिक शौचालये बांधली गेली. त्यांत या संघटनांचा मोठा वाटा होता. मोठ्यांच्या रांगेत धक्के खाण्यापेक्षा मुले उघड्यावर बसतात, हे बायकांना ठाऊक असल्यामुळे लहान मुलांसाठी वेगळी, उघडी आणि बुटकी जागा त्यांनी करवून घेतली. जून २००१ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात मानवी वसाहतींवर विशेष अधिवेशन भरले, तेव्हा भारत आणि आफ्रिकेतील या बायकांनी मुख्यालयाच्या दालनातच पूर्ण आकाराचे घर आणि मुलांचे शौचालय उभारले. महासचिव कोफी अन्नान, स्वतः घानाचे, ते पाहायला आले आणि बायकांनी गाणी म्हणत त्यांना घेरले. कंपालाच्या किसेनी वस्तीतही पुढे वस्तीनेच चालवायचे शौचालय बांधले गेले. शौचालयाला पुढारी उद्घाटनापुरते येतात. ते चालवायचे कसे, महिन्याचा पास किती ठेवायचा, पाण्याची मोटर जळली तर कोणी वर्गणी काढायची, हे एका वस्तीकडून दुसऱ्या वस्तीलाच शिकता येते.

आता नैरोबी. मुंबईत लोकल गाड्यांच्या रुळांना चिकटून हजारो झोपड्या होत्या आणि त्यांच्यामुळे गाड्या हळू हाकाव्या लागत. २००० सालच्या फेब्रुवारीत त्यांतल्या बऱ्याच पाडल्या गेल्या, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि त्यानंतर मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात साधारण साठ हजार लोक पोलीसबळाशिवाय, त्यांच्याच संघटनांनी केलेल्या याद्यांनुसार हलवले गेले. चार वर्षांनी नैरोबीच्या किबेरा आणि मुकुरू वस्त्यांतून जाणाऱ्या रेल्वेमार्गालगतच्या लोकांना जागा सोडण्याच्या नोटिसा आल्या. तिथल्या ‘मुऊंगानो वा वानाविजिजी’ या, १९९६ पासून काम करणाऱ्या, वस्तीवाल्यांच्या महासंघाने रस्त्यावर उतरण्याबरोबरच आणखी एक चाल केली. केनिया रेल्वेच्या अधिकाऱ्यांना त्यांनी मुंबईला येण्यास राजी केले. अधिकाऱ्यांनी इथले रूळ पाहिले, स्थलांतरित झालेले लोक पाहिले, याद्यांच्या वह्या पाहिल्या. परत गेल्यावर पाडकामाची घाई मागे पडली, लोकांची गणना झाली, आणि काही वर्षांनी किबेरात रुळालगतच्या पट्ट्यातच, भिंत आणि पायवाट सोडून, छोटी घरे व दुकानाचे गाळे उभे राहिले.

इथे एक फरक नजरेआड करता येणार नाही. मुंबईने आपले रुळाकडेचे लोक मानखुर्द, वाशी नाका अशा टोकाला नेले. किबेराने आपले लोक किबेरातच ठेवले. आपल्या पुनर्वसन इमारतींची अवस्था आज काय आहे हे सगळ्यांना माहीत आहे. लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड येथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही आणि वारा खेळत नाही. तिथल्या क्षयरोगाच्या प्रमाणावर २०१८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा आपल्या वृत्तपत्रानेही त्याची बातमी दिली असेल. रस्तेबाधितांच्या पुनर्वसनाविषयी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी गेल्या आणि २००६ मध्ये काही काळ निधी थांबला, हेही विसरता येणार नाही. सरकारशी जुळवून घेण्याच्या या संघटनांच्या वृत्तीवर टीका करणारे आहेत, आणि ती सगळीच टीका अनाठायी नाही. डर्बनमध्ये २००५ साली ‘अबाहलाली बासेम्जोंडोलो’ ही झोपडीवासीयांची चळवळ उभी राहिली ती वाटाघाटीपेक्षा उघड संघर्षाच्या बाजूची. ‘उत्शानी’ निधीने सरकारी अनुदान येणार या भरवशावर आगाऊ पैसे देऊन घरे बांधवली, अनुदान वेळेवर आलेच नाही, निधी अडकला आणि महासंघात फूट पडली. न्यायालयांचेही तेच. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००० साली ग्रूटबूम खटल्यात बेघरांच्या बाजूने जगभर गाजलेला निकाल दिला आणि ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो त्या आयरीन ग्रूटबूम २००८ मध्ये पत्र्याच्या खोलीतच वारल्या. ओल्गा टेलिस निकालाची आठवण असलेल्या मुंबईकराला यात नवल वाटू नये.

तरीही मी आग्रहाने मुकुरूकडे बोट दाखवतो. नैरोबीच्या औद्योगिक पट्ट्यातील ही वस्ती धारावीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. सुमारे एक लाख कुटुंबे, कारखान्यांना चिकटून घरे, जमीन कागदोपत्री भलत्यांच्याच नावावर, आणि राहणारे बहुसंख्य लोक भाडेकरू. तिथल्या संघटनेने विद्यापीठांच्या मदतीने वर्षानुवर्षे मोजमाप करून दाखवून दिले की पाण्याच्या हंड्यामागे आणि विजेच्या जोडणीमागे मुकुरूतला गरीब माणूस पलीकडच्या पक्क्या वसाहतीतल्या माणसापेक्षा जास्त पैसे मोजतो. या आकड्यांच्या जोरावर ऑगस्ट २०१७ मध्ये नैरोबी परगण्याने मुकुरूला विशेष नियोजन क्षेत्र जाहीर केले. म्हणजे दोन वर्षे तिथे नवे बांधकाम आणि पाडकाम थांबवून आराखडा करायचा, आणि तो कोणी बाहेरच्या कंपनीने नव्हे तर वस्तीने, विद्यापीठांनी आणि परगण्याने मिळून. दहा-दहा घरांचे गट पाडले गेले, प्रत्येक गटातून एक जण पुढे पाठवला गेला आणि रस्ते, पाणी, सांडपाणी, आरोग्य, शाळा, जमीन अशा एकेका विषयावर या गटांनी आपले म्हणणे मांडले. भाडेकरू आणि घरमालक दोघेही त्यात होते. भायखळ्याच्या फुटपाथवर पिशवीतल्या रंगीत कागदांनी सुरू झालेली रीत एक लाख कुटुंबांपर्यंत नेण्याची कामगिरी आपण मुंबईत करू शकलो नाही; ती नैरोबीने केली. पुढे तिथे रस्ते झाले, पाण्याच्या वाहिन्या आल्या, दवाखाने बांधले गेले. सगळे गोड झाले असे नाही. २०२१ च्या अखेरीस मुकुरू क्वा न्जेंगात एका रस्त्यासाठी हजारो घरे पाडण्यात आली, आणि २०२४ च्या महापुरानंतर नदीकाठची घरे सरकारने बुलडोझर लावून काढली. आराखडा झाला म्हणजे बुलडोझर कायमचा थांबतो असे नाही. पण पाडलेल्या घरांत कोण राहत होते हे मुकुरूत कोणाला नाकारता येत नाही, एवढा फरक पडतो.

धारावीत तो फरक पडलेला नाही. १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्याला धारावीतच साडेतीनशे चौरस फुटांचे मोफत घर; त्यानंतर आलेल्याला धारावीबाहेर, पैसे भरून; आणि पोटमाळ्यावर राहणाऱ्याला धारावीबाहेर, भाड्याने किंवा हप्त्याने. नियम असा आहे. नियम कसाही असो, तो लावायला आधी यादी हवी, आणि मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणात त्या यादीवरूनच रोज वाद आहेत. धारावीची कुंभाराची भट्टी, चामड्याचा कारखाना, शिलाईचा माळा, इडलीवाल्याचे घर-कम-भटारखाना यांत घर कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो हे बाहेरून आलेल्या, हातात टॅब धरलेल्या मुलाला कसे कळावे? आणि माळ्यावरच्या शिलाई कामगाराला मिठागराच्या किंवा कचराभूमीच्या जागेवर घर दिले तर तो कामावर कसा जाणार, हा प्रश्न १९८५ मध्ये भायखळ्याच्या बायकांनी विचारून ठेवलेलाच आहे. १९८० च्या दशकात पंतप्रधान अनुदान प्रकल्पाच्या वेळी धारावीत लोकांनी स्वतः गणना केली होती आणि त्यांचा आकडा सरकारी अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला होता. म्हणजे ही गोष्ट धारावीलाही परकी नाही.

यावर एक अपेक्षित उत्तर असे की, आफ्रिकेकडून आम्ही काय शिकायचे. हे उत्तर तोंडाने कोणी देत नाही, पण आपले अभ्यासदौरे सिंगापूर, शांघाय आणि दुबईलाच का जातात याचे दुसरे कारण मला तरी सुचत नाही. सिंगापूरकडे वस्तीतल्या भाडेकरूची यादी कशी करायची याचे ज्ञान नाही, कारण त्यांच्यापुढे आज तो प्रश्न नाही. नैरोबीपुढे तो आहे, आणि त्यांनी त्यावर काम केले आहे. शिवाय त्यांनी ते आपल्याच बायकांकडून घेऊन वाढवले असल्यामुळे त्यात आपल्याला लाज वाटण्यासारखेही काही नाही. उसनी दिलेली गोष्ट व्याजासकट परत घेण्यात कसली लाज?

म्हणून राज्य सरकारला, महापालिकेला आणि धारावीचे काम पाहणाऱ्या यंत्रणेला आपल्या पत्रामार्फत माझी विनंती आहे की, पात्रतेच्या अंतिम याद्या लागण्यापूर्वी धारावीतून एक छोटा चमू नैरोबीला पाठवावा. त्यात नगरसेवक किंवा आमदार नसले तरी चालतील. कुंभारवाड्यातला एक, चामड्याच्या धंद्यातला एक, पोटमाळ्यावर भाड्याने राहणाऱ्या दोन बायका, सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीचा प्रत्यक्ष फिरणारा कर्मचारी आणि याद्यांवर सही करणारा अधिकारी, असे सगळे एकत्र जावेत, एकत्र राहावेत आणि मुकुरूतल्या दहा घरांच्या एखाद्या गटाबरोबर बसून त्यांची यादी कशी झाली ते ऐकावे. नंतर मुकुरूच्या चार बायांना इकडे बोलवावे आणि धारावीतील एखाद्या गल्लीची सरकारी यादी भिंतीवर लावून त्यांच्यासमोर तपासावी. त्यांचा व्हिसा वेळेत व्हावा एवढे तरी परराष्ट्र खात्याने पाहावे; शिखर परिषदेच्या पाहुण्यांसाठी ते पाहिले जातेच.

आपल्याकडेही एक मागणी आहे. या दौऱ्याला सरकार तयार होईल की नाही, सांगता येत नाही. पण आपल्या वृत्तपत्राने आपला एक बातमीदार मुकुरूला पाठवला आणि तिथल्या गणनेची, पाण्याच्या दराची आणि पाडलेल्या घरांचीही माहिती सविस्तर छापली, तर धारावीतल्या वाचकांना ती पुढच्या सुनावणीत वापरता येईल. हरकती नोंदवण्याच्या मुदती थोड्या दिवसांच्या असतात, तेव्हा हे काम या पावसाळ्याच्या आत व्हावे.

आपला,
एक निवृत्त पालिका कर्मचारी
मुंबई